सातचं बूच

होडीच्या बुडाला भोक असतं, हे गिऱ्हाइकांना कधी सांगू नये. सांगितलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. पण असतं. अंगठा जाईल एवढं, मागच्या टोकाला, पाय ठेवायच्या फळ्यांखाली. संध्याकाळी होडी उतारावर ओढून घेतली की त्या भोकाचं बूच काढायचं, दिवसभर साचलेलं पाणी वाहून जाऊ द्यायचं आणि सकाळी होडी लोटण्याआधी बूच परत ठोकायचं. शेंबड्या पोरालाही जमेल असं काम आहे.

बुचं माझे वडील स्वतः करत. लाकूड तासून, त्यावर मेण लावलेला दोरा गुंडाळून, डोक्यावर तापल्या खिळ्याने होडीचा नंबर डागायचा. आणि बुचाचा नियमही त्यांचाच होता. ज्यानं बूच काढलं त्याच्याच खिशात ते सकाळपर्यंत राहायचं. खुंटीवर नाही, डब्यात नाही. "डब्यातलं बूच सगळ्यांचं, म्हणजे कुणाचंच नाही," बाबा म्हणत. "खिशातलं मांडीला टोचतं." सकाळी होडी लोटणाऱ्यानं ओरडायचं, "बूच?" आणि ज्याच्या खिशात ते होतं त्यानं ठोकून झाल्यावर ओरडायचं, "आत!" हे ऐकल्याशिवाय होडी हलवायची नाही. चाळीस वर्षं या दोन शब्दांवर आमचा धंदा चालला.

धंदा म्हणजे बारा वल्ह्यांच्या होड्या आणि चार पायडलचे हंस. त्यातल्या एका हंसाची मान मोडली होती, ती बाबांनी जोडली पण जरा वाकडी बसली, त्यामुळे तो कायम शेजारणीकडे बघतोय असं वाटे. नवी जोडपी नेमका तोच हंस मागत. चारी बाजूंनी डोंगर असल्यामुळे आमचा दिवस लहान. तीन वाजता पश्चिमेच्या डोंगराची सावली धक्क्यावर येते, चारला पाणी काळं पडतं, मग कुणी होडी मागत नाही. खिडकीत बसून तिकिटं फाडणारा आणि वेळ संपली की भोंग्यातून नंबर पुकारणारा जो माणूस होता त्याला आम्ही घड्याळ म्हणत असू. तो बाबांपेक्षा वीस वर्षांनी लहान, पण कुरकुर मात्र म्हाताऱ्यासारखी.

मी या धंद्यात आले ते हौसेनं नाही. ज्या वर्षी आई गेली त्याच वर्षी माझा संसार मोडला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. बॅग घेऊन परत आले आणि दुसऱ्या दिवशी बाबांनी हातात वल्हं दिलं. दोन-तीन वर्षांत परवान्याचे कागद, दुरुस्त्या, सगळं माझ्याकडे आलं, तेव्हापासून ते मला साहेब म्हणू लागले. कपाळाला हात लावून सलाम ठोकायचे. "साहेब, चहा पाठवू का?" मी चिडायचे, म्हणून आणखी म्हणायचे. माझा स्वभाव तापट आहे, हे मी कधी नाकारलेलं नाही. चूक दिसली की मी बोलते. समोरच्याची चूक, अर्थात.

बाबांचं विसरणं सुरू झालं ते असंच हळूहळू. हंसाची चोच रंगवून झाली आणि तासाभरानं ते पुन्हा डबा घेऊन चोच रंगवायला बसले. मग एकदा घड्याळला आपल्या मेलेल्या भावाच्या नावानं हाक मारली. घड्याळ बिचारा "ओ" म्हणाला. मी मात्र चिडले. त्यांच्यावर नजर ठेवायला लागले. वल्ही मोजून ठेवली का, जॅकेटं वाळत घातली का, कुलूप लावलं का. दिवसभर मी त्यांच्या मागे मागे, सावलीसारखी.

शेवटी मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी कागद पुढे केला आणि घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. बाबा म्हणाले, "आमच्याकडे घड्याळ जिवंत आहे, चित्र कशाला?" डॉक्टर हसले नाहीत. बाबांनी गोल छान काढला आणि बाराचे बारा आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीनं बसवले. डाव्या बाजूला काहीच नाही. डॉक्टरांनी मला बाहेर घेऊन सांगितलं की ही सुरुवात आहे, आणि एक कागद लिहून दिला. तो मी घडी करून माझ्या जाड कोटाच्या खिशात घातला. घरी येताना बाबांनी विचारलं, "पास का नापास?" मी म्हटलं, "पास."

त्याच दिवशी दुपारी आम्ही धक्क्यावर आलो. धुकं उतरलं होतं, गिऱ्हाईक नव्हतं, लवकर आवरायला घेतलं. दोनच होड्या उतारावर ओढायच्या होत्या, तीन नंबर आणि सात नंबर. बाकीच्या दोराला बांधून तशाच पाण्यात होत्या. एवढं मला नक्की आठवत होतं. पुढचं मला जसं आठवत होतं तसं मी सगळ्यांना सांगितलं, आणि ते चूक होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक जोडपं आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी, पिवळी टोपी घातलेली. तिला हंस नको होता. "मी पुढच्या महिन्यात सात वर्षांची होणार," ती म्हणाली, "मला सातचीच होडी पाहिजे." मी सात नंबरच्या मागे उभी राहिले आणि ओरडले, "बूच?"

उताराच्या पलीकडून, तीन नंबरच्या आडून बाबांचा आवाज आला, "आत!"

मी होडी लोटली.

फळ्यांखाली पाणी भरतं ते दिसत नाही. फळ्या तरंगायला लागल्या तेव्हा ते लोक तलावाच्या मध्यावर होते. लाइफ जॅकेटला बांधलेली शिट्टी आधी कुणी ऐकली असेल तर ती बाबांनी. मी वळून बघेपर्यंत चौऱ्याहत्तर वर्षांचा तो माणूस तीन नंबरची होडी पाण्यात घालून वल्ही मारत निघालासुद्धा होता. मी हंस घेतला. हंसानं कधी कुणाला वाचवलंय? पायडल मारून मारून माझ्या पोटऱ्या फुटायला आल्या आणि हंस आपला डुलत डुलत चालला होता. मी पोचले तेव्हा बाबांनी मुलीला ओढून घेतलं होतं, आई-बाप होडीच्या काठाला लटकून होते. आमचं पाणी डोंगरावरच्या बर्फाचं असतं. मुलीचे ओठ जांभळे झाले होते आणि ती रडत नव्हती, त्याचीच भीती वाटली.

धक्क्यावर मी माझा कोट काढून तिला गुंडाळला. गुंडाळण्याआधी खिशात हात घालून तो डॉक्टरांचा कागद तेवढा काढून घेतला. दुसऱ्या खिशातही हात घातला. काही नव्हतं. रुग्णवाहिका कोटासकट तिला घेऊन गेली.

मुलगी वाचली. चार दिवस दवाखान्यात राहिली आणि वाचली. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या चार दिवसांत मी माणसासारखी वागले नाही आणि त्याला सबब म्हणून ती भीती होती, असं कुणी म्हणू नये. भीती मुलीची होतीच. पण परवान्याचीही होती.

दुपारी तलावाच्या कार्यालयाचे अधिकारी आले. तिकिटाच्या खोलीत आम्हाला उभं केलं. सात नंबर काढून आणली होती, भोक उघडं होतं, बूच कुठेच नव्हतं. घड्याळनं त्यांना नियम समजावून सांगितला, आणि मग अधिकारी म्हणाले की सगळ्यांनी खिसे उलटे करा.

घड्याळच्या खिशातून पेन, चष्म्याची काच आणि बडीशेप निघाली. माझ्या अंगावरच्या कपड्यांतून शिट्टी आणि तो कागद. "कोट मुलीबरोबर गेलाय," मी म्हटलं, "पण खिसे रिकामे करूनच दिला होता." मग बाबांची पाळी. त्यांच्या खिशातून एक चहाचा चमचा निघाला, एकमेकींना चिकटलेल्या दोन गोळ्या, कुठल्या कुलपाची ते देव जाणे अशी किल्ली आणि माझ्या आईची केसांची पिन. एकेक वस्तू टेबलावर येत होती आणि अधिकाऱ्यांचा चेहरा बदलत होता. चमच्याकडे बघून बाबाच म्हणाले, "हा मी का आणला?"

"सातचं बूच कुणी काढलं होतं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मी विचारलं तेव्हा बाबा 'आत' म्हणाले," मी म्हटलं. "उतारावरच्या होड्या संध्याकाळी तेच बघतात."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आठवायचा फार प्रयत्न करत होते. ओठ हलत होते. मग म्हणाले, "मीच काढलं असेल."

अधिकाऱ्यांनी लिहिलं, "मीच काढले." मी समोरच उभी होते, मला उलटं वाचता येतं. एक "असेल" गाळला होता त्यांनी. माणूस बुडतो तो असल्या शब्दांत. मी तोंड उघडायला हवं होतं, पण तोंडालाच बूच बसलं होतं. नुसतं गप्प राहिले असते तरी एक वेळ ठीक. मी डॉक्टरांचा कागद पुढे केला. स्वतःच्या हातानं. कुणी मागितला नव्हता.

अधिकाऱ्यांनी तो वाचला, घडी घातली आणि आवाज खाली आणला. आता ते बाबांशी नाही, माझ्याशी बोलत होते. परवाना राहील, पण या गृहस्थांनी यापुढे धक्क्यावर पाऊल ठेवायचं नाही. बाबा टेबलावरचा चमचा, पिन, किल्ली परत खिशात भरत होते. मला म्हणाले, "पास म्हणाली होतीस."

बस्स, एवढंच म्हणाले. नंतर कधी त्यावरून बोलले नाहीत.

आठवड्यानं मुलीचा बाप आला आणि तिकिटाच्या खिडकीत माझा धुतलेला कोट ठेवून गेला. मी तो घरी नेऊन दाराच्या मागे टांगला. नंतर तो अंगात घालावासा वाटला नाही.

आमचं घर धक्क्याच्या वरच, वीस पायऱ्या चढून. बाबांची खुर्ची मी खिडकीशी ठेवली, तेवढाच विरंगुळा म्हणून. त्यातूनच त्यांचे हाल झाले. सकाळी घड्याळचा भोंगा वाजला की ते उठायचे, दारापर्यंत जायचे, थांबायचे. मग खिशात हात. डावा खिसा, उजवा खिसा, शर्टाचा खिसा, पुन्हा डावा. "सातचं बूच कुठे ठेवलं मी?" हिवाळा आला, तलाव बंद झाला, होड्या पालथ्या घातल्या, तरी खिसे चालूच. आईचं नाव विसरले, जेवलोय की नाही ते विसरले, मला कधी कधी ताई म्हणायला लागले. विसरले नाहीत ते एकच, की आपण बूच विसरलो. जे त्यांनी केलं होतं की नाही तेही धड ठाऊक नाही, तेवढंच नेमकं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. ते मी बसवलं होतं. पहिल्या महिन्यात, ते विचारायचे तेव्हा, मी दर वेळी सांगायचे, "तुम्ही हरवलंत बाबा. झालं ते झालं." समजूत घालतेय असं वाटायचं मला.

खिसे चाचपून चाचपून त्यांची बोटं सोलवटली. रक्त यायचं. शेवटी मी त्यांच्या पाच पँटी आणि दोन शर्ट गाठोड्यात बांधून शिंपीणबाईकडे नेले आणि सगळे खिसे शिवून बंद करायला सांगितले. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उगाच कारण सांगत बसले. गाठोड्यात माझा तो कोटही टाकला होता. नवा हंगाम जवळ आला होता, सकाळी गारठा असतो, आणि कोटाचा खिसा आतून फाटला होता तो शिवून हवा होता.

एक पँट बाईंनी लगेच शिवून दिली, ती त्या दिवसापासून बाबांच्या अंगात होती; बाकीचं दोन दिवसांनी आणायला गेले. शिंपीणबाईंनी पँटी मोजून दिल्या, कोट दिला आणि मग खणातून काहीतरी काढून मशीनवर ठेवलं. "फाटक्या खिशातनं अस्तरात गेलं होतं. पार खाली, शिवणीत अडकून बसलेलं. कामाचं असलं तर बघा, नाहीतर टाकून देते."

मेणाचा दोरा धुऊन पांढरा पडला होता. डोक्यावर सातचा आकडा.

आणि मग ती धुक्याची दुपार मला आठवली. इतकी स्वच्छ आठवली की संताप यावा. बाबा तीन नंबरचं बूच काढून, तेलानं भरलेले हात चिंधीला पुसत होते. तिथून म्हणाले होते, "साहेब, सातचं तेवढं तुम्ही काढा, माझे हात भरलेत." मी काढलं. कोटाच्या खिशात टाकलं, त्या कागदाशेजारी. माझं सगळं लक्ष त्या कागदाकडे होतं. बाबा आता काय विसरतात हे मी बघत होते. माझं कोण बघणार?

सकाळी "बूच?" असं मी ओरडले ते कुणाला? बूच माझ्याच खिशात होतं. बाबा "आत" म्हणाले ते तीन नंबरचं. त्यांच्या खिशात तेवढंच होतं आणि ते त्यांनी ठोकलं होतं. त्याच तीन नंबरमधून ते मुलीला घेऊन आले. ती होडी कोरडी ठणठणीत होती. मी तिच्यात वाकून मुलीला उचललं होतं, माझ्या डोळ्यांना ते दिसलं होतं, आणि तरी मी डॉक्टरांचा कागद पुढे केला.

घरापर्यंत मी जवळजवळ पळत आले. बाबा खुर्चीत होते. मी त्यांच्या पायाशी बसले आणि बूच त्यांच्या हातात ठेवलं. "बाबा, हे माझ्या कोटात होतं. तुम्ही हरवलं नाही. तुम्ही काढलंच नव्हतं. मी काढलं, मी विसरले, आणि नाव तुमचं घेतलं."

त्यांनी बूच फिरवून पाहिलं. सातवर अंगठा घासला.  मग माझ्याकडे बघून, पूर्वीच्या त्यांच्या आवाजात म्हणाले, "मग मी 'आत' म्हणालो ते?"

"तीनचं म्हणालात."

"तीनचं आत होतं," बाबा म्हणाले. ताठ बसले. "मी ठोकलं होतं. तीन नंबर कोरडी होती."

"कोरडी होती, बाबा."

मला रडू आवरेना. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "एवढं काय साहेब, होतं माणसाकडनं." तापट माणसाला मार परवडतो, हे नाही परवडत. मग त्यांनी सवयीनं बूच खिशात टाकायला हात खाली नेला. पँटीचा खिसा, शिवलेला. बोटं कापडावरून घसरली. दोनदा, तीनदा. मी घाईघाईनं कात्री आणली आणि गुडघ्यावर बसून टाके उसवले. माझ्याच सांगण्यावरून घातलेले टाके. खिसा मोकळा झाला, बूच आत गेलं, आणि बाबांनी वरून थोपटलं. कितीतरी महिन्यांनी त्यांचे हात मांडीवर स्वस्थ पडले.

मी ठरवलं, आता सगळं नीट करायचं. आधी घड्याळला समोरासमोर सांगायचं, मग दोघांनी कार्यालयात जायचं, लिहिलेलं बदलून घ्यायचं, बाबांना स्वतः हात धरून धक्क्यावर न्यायचं. मी खाली धावले. घड्याळ भोंगा पुसत बसला होता. "वर चला, बाबांसमोर काही सांगायचंय," म्हटलं आणि त्याला जवळजवळ ओढतच आणलं. जाऊन यायला फार तर दहा मिनिटं लागली असतील.

आम्ही दारात आलो तर बाबा उभे होते. चेहरा उजळलेला. खिशातून बूच काढून त्यांनी उंच धरलं.

"सापडलं! सातचं बूच सापडलं! माझ्याच खिशात होतं!"

"नाही बाबा," मी म्हटलं, "ते माझ्याकडे होतं. आत्ताच तर मी..."

"माझ्याच खिशात," बाबा ठासून म्हणाले, आणि तो उघडा खिसा बाहेर ओढून दाखवला. कडेला उसवलेले दोरे लोंबत होते.

मी घड्याळकडे वळले. "खरंच माझ्या कोटात होतं. अस्तरात. शिंपीणबाईंना विचारा."

घड्याळनं मान हलवली, ओल्या डोळ्यांनी. "कळतं हो ताई," तो हळूच म्हणाला. "त्यांना बरं वाटावं म्हणून तुम्ही किती करता. पण राहू द्या आता. सापडलं ना, त्यांच्या जिवाला शांतता लाभली."

बाबा माझ्याजवळ आले. सलाम करतील असं वाटलं. त्यांनी हात जोडले.

"तुम्ही म्हणत होता तेच खरं, साहेब," ते म्हणाले. "मीच विसरलो होतो. राग नका धरू."

त्यांचे हात माझ्या हातात होते, सोललेल्या बोटांचे. उद्या सांगेन, परवा सांगेन, रोज सांगेन, असं मनात म्हणत मी म्हटलं, "नाही धरत, बाबा."